एका लाइनवर अख्खं ऑफिस : प्रस्तावना

“कॅमेरा इथे दिसतो, पण घरून दिसत नाही.” कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेटवर्कचं काम करणाऱ्याला सर्वांत जास्त वेळा ऐकावी लागणारी तक्रार हीच. यार्डात चार-आठ कॅमेरे, ऑफिसात एक डीव्हीआर, टॅलीचे दोन-तीन संगणक, वजनकाट्याच्या केबिनमध्ये आणखी एक, एखादा प्रिंटर, आणि या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारी टेलिफोनच्या तांब्याच्या तारांची एकच जोडी. मालक संध्याकाळी घाटकोपरला किंवा मुलुंडला घरी पोचतो, मोबाइलवर अ‍ॅप उघडतो आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी येतो, राउटरच्या पानात शिरून चार चौकटी भरतो, कॅमेरा दिसायला लागतो, पैसे चुकते होतात. मग पावसाळा येतो, लाइन दोनदा तुटते आणि कॅमेरा पुन्हा दिसेनासा होतो.

त्या चार चौकटींचा अर्थ मालकाला ठाऊक नसतो हे समजण्यासारखं आहे. त्याचा धंदा अँगल, चॅनल आणि टीएमटी सळईचा. पण चौकटी भरणाऱ्यालाही तो पुष्कळदा ठाऊक नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे राउटरचं काम मुलं एकमेकांचं बघून शिकतात. कुठल्या मेनूत शिरायचं, काय भरायचं, ‘सेव्ह’ कुठे दाबायचं हे पाठ होतं. खोक्याची कंपनी बदलली की मेनूची नावं बदलतात आणि पाठांतर तिथेच संपतं. एका राउटरवर ज्याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात ते दुसऱ्यावर ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाने सापडतं, तिसऱ्यावर ‘नॅट’ या पानाच्या पोटात दडलेलं असतं. आत चालणारं काम मात्र सगळीकडे सारखंच. ते एकदा कागदावर काढता आलं की मेनू कुठलाही असो, अडत नाही. ही पुस्तिका त्या कागदासाठी लिहिली आहे.

कळंबोली हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. सिडकोने मुंबईच्या गर्दीतला लोखंड-पोलादाचा बाजार इथे वसवला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, शीव-पनवेल महामार्ग इथे येऊन मिळतो, तळोज्याची एमआयडीसी शेजारी आहे आणि उरणच्या जेएनपीटी बंदरातले कंटेनर याच भागातून घाटाकडे जातात. लोखंडाचा सौदा फोनवरचा. भाव फोनवर विचारायचा, गाडी फोनवर मागवायची, माल पोचल्याचं फोनवर कळवायचं. त्यामुळे गाळा तिथे लँडलाइन हे ठरलेलंच होतं. २००४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. त्या वेळी २५६ केबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँड मानलं जाई. पुढच्या वर्षी सरकारी टेलिफोन कंपन्यांनी त्याच तारांवरून डीएसएल द्यायला सुरुवात केली आणि ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्याकडे नवी तार न ओढता इंटरनेट आलं. बाजारातली ऑफिसं आणि सेक्टरांमधली सिडकोची घरं, दोन्हीकडे हेच झालं.

आता फायबर आलं आहे, तांब्याच्या जोड्या एकेक करून सोडल्या जात आहेत. मग डीएसएल राउटरवर लिहायचं कशाला, असं एका मित्राने विचारलं. एक कारण असं की जुन्या लाइना अजून कामात आहेत आणि त्यांच्यावर चालणाऱ्या ऑफिसांना मदत लागते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डीएसएलच्या खोक्यात सगळं काम डोळ्यांसमोर असतं. तार कुठे संपते, खात्याचं नाव आणि पासवर्ड कुठे लागतो, पत्ता कोणाला मिळतो, तो आत कसा वाटला जातो, हे सगळं एकाच खोक्याच्या पानांवर वाचता येतं. फायबरच्या खोक्याची पुष्कळ पानं कंपनीने कुलूपबंद केलेली असतात. शिकायचं असेल तर उघड्या यंत्रावर शिकावं. इथे शिकलेला पत्त्यांचा हिशेब फायबरवर जसाच्या तसा लागू पडतो.

तारेपासून सुरुवात करू. आपलं बोलणं टेलिफोनच्या तारेत ४ किलोहर्ट्झच्या खाली मावतं. त्याच्या वरचा पट्टा रिकामा असतो. एडीएसएल तो वापरतं, साधारण २६ किलोहर्ट्झपासून वर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि एडीएसएल २ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणून फोनवर बोलणं आणि इंटरनेट एकाच वेळी चालतं, आणि म्हणूनच भिंतीवरच्या डबीतून आलेली तार आधी स्प्लिटरमध्ये जाते. स्प्लिटर न लावता समांतर फोन जोडला की रिंग वाजताच नेट तुटतं. तांब्याची लांबी वाढली की वरचा पट्टा आधी मरतो, वेग घटतो. बाहेर पाठवण्याच्या दिशेला या पट्ट्याचा अगदी छोटा वाटा मिळतो, १३८ किलोहर्ट्झच्या खालचा. मालकाला घरून कॅमेरा बघायचा असतो तेव्हा हाच वाटा कामाला येतो, कारण त्याचं डाउनलोड हे ऑफिसच्या लाइनचं अपलोड असतं. एका कॅमेऱ्याचं चित्र ५१२ केबीपीएसने जात असेल आणि लाइनचं अपलोड १ एमबीपीएसच्या आत असेल, तर चार कॅमेरे एकत्र कधीच नीट दिसणार नाहीत. राउटरमधलं कुठलंही सेटिंग हे बदलू शकत नाही. अशा वेळी डीव्हीआरमध्ये कमी वजनाचा ‘सब स्ट्रीम’ निवडायचा असतो. हा खुलासा मी मुद्दाम सुरुवातीलाच करतो आहे, कारण पत्त्यांच्या माथी मारलेल्या निम्म्या तक्रारी अपलोडच्या असतात.

तारेच्या वर येतं लॉगिन. मोडेम एक्स्चेंजमधल्या यंत्राशी जुळला, डीएसएलचा दिवा स्थिर झाला, तरी अजून इंटरनेट आलेलं नसतं. व्हीपीआय-व्हीसीआय नावाचे दोन आकडे बरोबर असावे लागतात, काही जाळ्यांवर ० आणि ३५, काहींवर ० आणि ३२. मग पीपीपीओई हा प्रकार सुरू होतो, १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या दस्तऐवजात मांडलेला. खात्याचं नाव आणि पासवर्ड कंपनीकडे जातो, आणि उत्तरादाखल कंपनी एक आयपी पत्ता देते. एक. सगळी गोष्ट या एकाशी येऊन थांबते.

सुरुवातीच्या दिवसांत मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीने लावून देत. पासवर्ड संगणकावर टाकायचा, डायल करायचं, पत्ता त्या संगणकाला मिळायचा. बाकीचे संगणक कोरडेच. दुसऱ्याला नेट हवं असेल तर पहिल्याने डिस्कनेक्ट करायचं, असं कितीतरी ऑफिसांत चालत असे. मोडेम ‘राउटर’ पद्धतीवर आणला की पासवर्ड खोक्यातच राहतो आणि कंपनीने दिलेला पत्ता खोक्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे वॅनला, लागतो. आतल्या बाजूला, लॅनला, खोका स्वतःच्या गटातले पत्ते वाटतो. १९२.१६८.१.१ तो स्वतःला ठेवतो आणि संगणकांना १९२.१६८.१.२ पासून पुढचे देतो. हे आतले पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कळंबोलीत हजारो ठिकाणी १९२.१६८.१.१ असेल आणि त्यामुळे कुठेही टक्कर होणार नाही, कारण हे पत्ते रस्त्यावर कधीच येत नाहीत.

मग आतला संगणक बाहेर बोलतो कसा? यासाठी मी ऑफिसातल्या जावक नोंदवहीचं उदाहरण देतो. ऑफिसातल्या कोणीही पत्र लिहिलं तरी ते एकाच पत्त्याने बाहेर जातं. जावक कारकून त्यावर क्रमांक घालतो आणि हे पत्र कोणत्या टेबलावरून आलं ते वहीत लिहून ठेवतो. उत्तरात ‘संदर्भ : आपले पत्र क्र. अमुक’ असं असतं, वही उघडली की टेबल सापडतं. राउटरमध्ये पोर्ट क्रमांक हे काम करतो.

आकड्यांनिशी पाहू. हिशेबनिसाचा संगणक १९२.१६८.१.१२ वर आहे. त्याने कर भरण्याचं संकेतस्थळ उघडलं. त्या सर्व्हरचा पत्ता १९८.५१.१००.७, पोर्ट ४४३. संगणकाने आपल्या बाजूचा पोर्ट निवडला ५१५१४. पॅकेट राउटरपाशी आलं. राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे. त्याने पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घातला, पोर्टच्या जागी ४००२२ लिहिला, आणि तक्त्यात ओळ घातली : ४००२२ म्हणजे १९२.१६८.१.१२ चा ५१५१४, समोर १९८.५१.१००.७. वजनकाट्यावरच्या संगणकाने योगायोगाने तोच ५१५१४ वापरला तरी बिघडत नाही, त्याला ४००२३ मिळतो. उत्तर येतं ते २०३.०.११३.२५ च्या ४००२२ वर. राउटर ओळ शोधतो, पत्ता पुन्हा उलटा बदलतो आणि पॅकेट हिशेबनिसाकडे जातं. पत्ते बदलण्याच्या या कामालाच ‘नॅट’ म्हणतात. पोर्ट ६५,५३५ पर्यंत असतात, त्यामुळे एका पत्त्यामागे अख्खं ऑफिस बसतं. (यातले बाहेरचे दोन पत्ते मी त्या गटांतले घेतले आहेत जे पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले असतात. पुस्तिकेत सर्वत्र तसंच केलं आहे, कोणाचाही खरा पत्ता इथे नाही.)

हा तक्ता हातात कागद घेऊन काढा. वाचून पुढे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाठवणारा, त्याचा पोर्ट, घेणारा, त्याचा पोर्ट, असे चार रकाने आखा आणि राउटरच्या अलीकडे काय होतं, पलीकडे काय झालं ते लिहा. मी ज्यांना शिकवलं त्यांतल्या ज्यांनी हे केलं, त्यांना नंतर माझी गरज पडली नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. तक्त्यातली ओळ आतून कोणी बोललं की तयार होते. मालक घरून डीव्हीआरला हाक मारतो तेव्हा आतून कोणी काही पाठवलेलंच नसतं. २०३.०.११३.२५ वर पॅकेट येतं, राउटर तक्ता बघतो, ओळ सापडत नाही, पॅकेट टाकून देतो. यात बिघाड काही नाही. राउटर त्याला सांगितलं तसंच वागतो आहे. आपल्याला हवी असते कायमची एक ओळ, हाताने लिहिलेली, आणि त्या चार चौकटी म्हणजे हीच ओळ : बाहेरचा पोर्ट कोणता, आत कोणत्या पत्त्याकडे द्यायचं, आतला पोर्ट कोणता, आणि टीसीपी की यूडीपी. डीव्हीआर १९२.१६८.१.५० वर असेल आणि त्याचा पोर्ट ३७७७७ असेल, तर बाहेरच्या ३७७७७ वर आलेलं सगळं तिकडे जाईल.

आणि पावसाळ्यात ते का बिघडतं, हेही याच ओळीत वाचता येतं. वीज गेली, सगळी यंत्रं एकदम सुरू झाली, राउटरने नव्याने पत्ते वाटले आणि डीव्हीआरला ५० ऐवजी ५३ मिळाला. ओळ अजून ५० कडेच बोट दाखवते आहे. म्हणून डीव्हीआरचा पत्ता डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा असावा किंवा त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवर राखून ठेवलेला असावा. दुसरं असं होतं की जॉइंटमध्ये पाणी शिरतं, लाइन तुटते, पुन्हा लॉगिन होतं आणि या वेळी कंपनी वेगळाच बाहेरचा पत्ता देते. मालकाच्या अ‍ॅपमध्ये जुनाच असतो. त्यावर उपाय दोन, पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणं किंवा पत्ता बदलला की नावाशी नवा पत्ता जोडणारी डायनॅमिक डीएनएस सेवा राउटरमध्ये भरणं. कळंबोलीची जमीन सखल आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात हा भाग किती बुडाला होता ते इथल्या जुन्या रहिवाशांना चांगलं आठवतं. जमिनीखालच्या तारांना इथे दरवर्षी ओल लागते, त्यामुळे पत्ता बदलणार हे धरूनच मांडणी करावी.

तपासणी नेहमी बाहेरून करा. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून. ऑफिसच्या वायफायवर बसून बाहेरचा पत्ता टाकला तर बरेच स्वस्त राउटर ते पॅकेट वळवून आत आणू शकत नाहीत, आणि बरोबर केलेलं कामसुद्धा चुकल्यासारखं वाटतं. चांगल्या चांगल्या मुलांना मी या एका गोष्टीपायी दुपार वाया घालवताना पाहिलं आहे.

दुहेरी नॅटवर पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे, कारण घरांमध्ये हा घोळ सर्वांत जास्त असतो. कंपनीचं मोडेम आधीच राउटर पद्धतीवर असतं. त्याचा वायफाय पुरत नाही म्हणून घरातले दुकानातून दुसरा राउटर आणतात आणि मोडेममधली तार त्याच्या वॅनमध्ये घालतात. पत्ता दोनदा बदलतो, ओळ दोन ठिकाणी लिहावी लागते, आणि दोन्ही खोक्यांचा आतला गट १९२.१६८.१ हाच असेल तर काहीच धड चालत नाही. सोपा मार्ग असा : दुसऱ्या राउटरला आतल्या गटातला वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि तार वॅनऐवजी लॅनच्या भोकात घाला. मग तो नुसता वायफाय देतो, पत्ते बदलण्याच्या भानगडीत पडत नाही.

कधी कधी दोष तुमच्या हातातच नसतो, आणि तो ओळखता येणं हे कसब आहे. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे गट वाटून झाले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेने उरलेल्या पत्त्यांचं रेशनिंग सुरू केलं. १९८१ मध्ये या पद्धतीची आखणी झाली तेव्हा ४२९ कोटी पत्ते म्हणजे न संपणारा साठा वाटला होता. आज एकट्या भारतातच १४० कोटींवर माणसं आहेत. मग कंपन्यांनी स्वतःकडेही नॅट बसवलं, आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा वेगळा काढला गेला. तुमच्या राउटरच्या वॅनवर या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, पुढे कंपनीच्या यंत्रात आणखी एक तक्ता आहे आणि त्यात तुम्हाला ओळ लिहिता येत नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही चौकटी भरल्या तरी कॅमेरा दिसणार नाही. अशा वेळी ग्राहकाला सरळ सांगावं की कंपनीकडून पब्लिक आयपी घ्या. नाहीतर डीव्हीआरची क्यूआर कोडवाली सेवा वापरावी. ती चालते कारण डीव्हीआर स्वतः आतून डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं सुरू करतो, म्हणजे ओळ आतून तयार होते. मात्र त्यात तुमच्या यार्डाचं चित्र तिसऱ्याच्या भरवशावर चालतं, हेही सांगायला हवं.

काही वेबसाइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, ही तक्रार आली तर नॅट सोडून एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, बघा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःला घेतं, त्यामुळे १५०० च्या जागी १४९२ लावावे लागतात. एवढंच.

आता ज्या भागासाठी मी ही पुस्तिका खरी लिहायला घेतली त्याकडे येतो. बाहेरून आत येणारी ओळ लिहिणं म्हणजे ऑफिसचं दार उघडणं आहे, आणि ते दार दिवसरात्र, सगळ्या जगाला उघडं असतं. हाक मारणारा मालक आहे की आणखी कोणी, हे राउटर विचारत नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड वापरून. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच यंत्रांच्या माऱ्याने अमेरिकेतली डीएनएस पुरवणारी डिन ही कंपनी कोलमडली आणि मोठमोठी संकेतस्थळं कित्येक तास बंद पडली. पुढच्या वर्षी जुलैअखेर भारतात बीएसएनएलच्या ग्राहकांच्या हजारो मोडेमना असाच फटका बसला आणि मूळ पासवर्ड बदला असं कंपनीला सर्वांना सांगावं लागलं. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन हा पासवर्ड असलेलं मोडेम कळंबोलीत आजही सापडेल. ते उघडं सोडून जाणारा माणूस कामाचे पैसे घेऊन काम अर्धवट टाकून जातो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाई झाली की सगळे पोर्ट एका यंत्राकडे वळवणारं ‘डीएमझेड’ लावून मोकळं व्हायची सवयही सोडायला हवी. टॅलीचा संगणक घरून वापरता यावा म्हणून ३३८९ उघडा ठेवणं तर त्याहून वाईट. रिमोट डेस्कटॉपचा तो पोर्ट कुठे उघडा सापडतो हे बघत फिरणारे प्रोग्रॅम क्षणभरही थांबत नाहीत, आणि एका रात्रीत सगळी खाती कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. त्यासाठी व्हीपीएन लावा. यूपीएनपी चालू असेल तर यंत्रं तुम्हाला न विचारता स्वतःच ओळी लिहितात, म्हणून तेही बंद करा.

उलट, नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा समजही तितकाच घातक. याचं उदाहरण कळंबोलीहून फार दूर नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या हल्ल्याने जहाज वाहतुकीतल्या मर्स्क समूहाची यंत्रणा जगभर ठप्प झाली, त्यात जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही होतं. कंटेनर अडकले, गाड्या खोळंबल्या. ती कीड युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरली आणि मग आतल्या आत एका संगणकाहून दुसऱ्यावर पसरत गेली. बाहेरून आलेलं अनोळखी पॅकेट टाकून देणारा तक्ता इथे काहीच करू शकत नव्हता, कारण शत्रू ओळखीच्या वाटेने आला होता. तक्ता आत-बाहेरचा हिशेब ठेवतो. कोण चांगला, कोण वाईट हे त्याला कळत नाही.

जबाबदारीचा एक भाग कागदपत्रांचा आहे. ऑफिसच्या लाइनवरून कोणी काही गैर केलं तर तपासात सापडतो तो बाहेरचा पत्ता, म्हणजे मालकाचं नाव. आतला कोणता संगणक होता हे छोट्या राउटरच्या तक्त्यात काही मिनिटांनंतर उरत नाही. कंपनीच्या नॅटमागे असाल तर नुसत्या पत्त्यावरून ग्राहकही ठरत नाही, पोर्ट आणि अचूक वेळ लागते. म्हणूनच सर्व्हरनी येणाऱ्याचा पोर्टही नोंदवावा असा सल्ला २०११ च्या आरएफसी ६३०२ ने दिला. आपल्या राउटरचं घड्याळ मात्र पुष्कळदा १ जानेवारी १९७० पासून चालत असतं, कारण वेळ कोणी लावलेलीच नसते. एनटीपी चालू करून साडेपाच तासांचा फरक भरायला अर्धं मिनिट लागतं. ते करा.

हे सगळं मुळात तात्पुरतं होतं. १९९४ च्या मे महिन्यात चेल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये नॅट मांडलं तेव्हा पत्ते संपण्यावरचा हा अल्पकाळचा उपाय आहे, असं त्यांनीच म्हटलं होतं आणि त्याचे तोटेही लिहिले होते. कुठल्याही यंत्राने कुठल्याही यंत्राशी थेट बोलावं, ही इंटरनेटची मूळ कल्पना या उपायात मोडते. पोर्ट बदलून एका पत्त्यामागे अनेक यंत्रं ठेवण्याची रीत २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये व्यवस्थित लिहिली गेली आणि तीच आज घराघरात आहे. खरा उपाय आयपीव्ही६ चा, १२८ बिटांच्या पत्त्यांचा. भारत त्यात जगात पुढे आहे, मोबाइलच्या जाळ्यांमुळे. तुमच्या खिशातला फोन बहुधा आयपीव्ही६ वर असतो आणि त्याच टेबलावरचं जुनं डीएसएल मोडेम फक्त आयपीव्ही४ जाणतं. आयपीव्ही६ मध्ये पत्ता बदलावा लागत नाही, पण दार कोणाला उघडायचं हा प्रश्न राहतोच, तो फायरवॉलमध्ये सोडवावा लागतो. शेवटच्या प्रकरणात ते आलं आहे.

पुस्तिका दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी, आणि ज्यांच्या नावावर लाइन आहे त्या मालकांसाठी. मालकांनी सगळं वाचायची गरज नाही. मागे एक कोरा तक्ता छापला आहे : कोणता पोर्ट उघडला, कशासाठी, कोणत्या यंत्राकडे, कोणत्या तारखेला, कोणी. काम करून जाणाऱ्याकडून तो भरून घ्या, आणि डीव्हीआर बदलला किंवा माणूस सोडून गेला की ती ओळ राउटरमधूनही काढायला लावा. काम करणाऱ्यांनी पासवर्ड बदलल्यावर तो बंद पाकिटात मालकाच्या हातात द्यावा. आपल्याकडे ठेवून ग्राहक बांधून घेऊ नये.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करा. मोडेम बंद न करता ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, ‘स्टेटस’चं पान काढा, वॅनचा पत्ता लिहून घ्या. मग इंटरनेटवर आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्याखाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. वेगळे असतील तर आधी दुहेरी नॅटचं प्रकरण वाचा, आणि वॅनचा पत्ता १००.६४ च्या पट्ट्यात असेल तर राउटरला हात लावण्याआधी कंपनीला फोन करा.